हरदास, एल. एन.

हरदास, एल. एन. : (६ जानेवारी १९०४–१२ जानेवारी १९३९). विदर्भातील दलित चळवळीचे एक अग्रणी नेते, समाजसुधारक, बिडी कामगारांचे संघटक, लेखक आणि मध्य प्रांत व वऱ्हाड विधानसभेचे सदस्य. ‘जय भीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून ते विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांचे संपूर्ण नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे. वडिलांचे नाव व आडनाव यांची इंग्रजी आद्याक्षरे नावामागून लावण्याचा प्रघात पडल्यामुळे ते ‘हरदास एल. एन.’ या नावाने ओळखले जाऊ लागले. अनुयायांत ‘बाबू हरदास’ हे नाव रूढ आहे. अवघ्या ३५ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शिक्षणप्रसार, स्वयंसेवक संघटना, वृत्तपत्र, कामगार संघटना व विधिमंडळ अशा अनेक क्षेत्रांत काम केले. या सर्व कार्यामागे एकच सूत्र दिसते : नाकारलेला हक्क तर मागावयाचाच, परंतु तो मिळेपर्यंत समाजाने दुसऱ्याच्या दाराशी खोळंबून न राहता स्वतःच्या संस्था स्वतः उभाराव्यात.

जन्म व शिक्षण : हरदासांचा जन्म नागपूरजवळील कामठी येथे एका महार कुटुंबात झाला. कन्हान नदीच्या काठी वसलेल्या कामठीस इंग्रजांनी १८२१ मध्ये लष्करी छावणी स्थापन केली होती. छावणी, रेल्वे व बाजारपेठ यांमुळे तेथील अस्पृश्य मानलेल्या समाजास गावकीच्या कामांखेरीज उपजीविकेची अन्य साधने उपलब्ध झाली. हरदासांचे वडील लक्ष्मणराव हे रेल्वे खात्यात कारकून होते. त्यामुळे मुलाला शाळेत पाठविणे त्यांना शक्य झाले. हरदासांनी नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून मॅट्रिकची परीक्षा दिली. अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिकपर्यंत मजल मारणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. आर्यसमाजाचे स्वामी ब्रह्मानंद यांच्याकडे ते नागपुरात संस्कृत शिकले. ज्या भाषेतील धर्मग्रंथांच्या आधारे अस्पृश्यतेचे समर्थन केले जाई, ती भाषा स्वतः शिकून घेतल्यामुळे धर्मविषयक वादांत त्यांना दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून राहावे लागले नाही. १९२० मध्ये त्यांचा विवाह साहूबाईंशी झाला.

पूर्वपीठिका : नागपूर परिसरातील दलित जागृतीचा इतिहास हरदासांच्या आधी सुरू होतो. येथील महार समाजातील अनेक कुटुंबे जाडेभरडे कापड विणीत. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केल्यावर अनेकांना गिरणीत काम मिळाले. रोख मजुरी मिळवणारा आणि बलुतेदारीच्या बंधनांतून काही अंशी मोकळा झालेला वर्ग त्यामुळे तयार झाला. या वर्गात किसन फागू बनसोडे (१८७९–१९४६) यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून संस्था, शाळा व वृत्तपत्रे यांच्या द्वारे जागृतीचे काम चालविले. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’ व ‘मजूर पत्रिका’ ही त्यांच्या पत्रांची नावेच त्यांच्या विचारांची दिशा स्पष्ट करतात. १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपूर येथे राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरही उपस्थित होते. अशा वातावरणात हरदासांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात झाली.

प्रारंभीचे कार्य : वयाच्या सतराव्या वर्षी, १९२१ मध्ये, हरदासांनी नागपुरातून ‘महारठ्ठा’ हे साप्ताहिक सुरू केले. पुढील वर्षी त्यांनी महार समाज ही संस्था स्थापन केली. तरुणांना संघटित करून अत्याचारापासून समाजाचे संरक्षण करावे, या हेतूने त्यांनी महार समाज पथक हे स्वयंसेवक दल उभारले. स्त्रियांना दैनंदिन व्यवहाराचे शिक्षण मिळावे म्हणून महिलाश्रम काढला. १९२७ मध्ये कामठी येथे त्यांनी रात्रशाळा सुरू केल्या. दिवसा मजुरी करणाऱ्यांना शिकण्याचा तोच एक मार्ग होता. या शाळांत एके काळी ८६ मुलगे व २२ मुली शिकत होत्या. त्याच सुमारास संत चोखामेळा यांच्या नावाने कामठीत वाचनालयही निघाले.

अस्पृश्य समाजातील अंतर्गत भेदही हरदासांना मान्य नव्हते. वरिष्ठ जातींकडे समतेची मागणी करणाऱ्या समाजाने आपल्यातील पोटजातींची उतरंड जपावी, ही विसंगती त्यांना खटकत असे. त्यासाठी ते चोखामेळ्याच्या पुण्यतिथीस दरवर्षी सहभोजने घडवून आणीत. पोटजातींमधील रोटीव्यवहाराचा निर्बंध ढिला करण्याचा हा प्रत्यक्ष उपाय होता.

रामटेक येथील सभा : हरदासांच्या विचारांचे वेगळेपण १९२७ मधील रामटेकच्या सभेत प्रकर्षाने दिसून येते. नागपूरच्या ईशान्येस सु. ४५ किमी. अंतरावरील रामटेक हे विदर्भातील एक प्रमुख तीर्थक्षेत्र आहे. टेकडीवर राम व लक्ष्मण यांची मंदिरे असून पायथ्याशी अंबाळा तलाव आहे. या तलावात स्नान केल्याने अंब नावाच्या सूर्यवंशी राजाचा कुष्ठरोग बरा झाला, अशी आख्यायिका आहे. तलावाच्या काठी घाट व देवळे असून येथे श्राद्धादी विधीही केले जातात. नागपूरकर भोसल्यांच्या काळात या क्षेत्रास ऊर्जितावस्था आली. कार्तिकी पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते.

रामटेकचा आणखी एका कथेशी संबंध जोडला जातो. तपश्चर्या केल्याच्या अपराधाबद्दल रामाने ज्या शंबूक या शूद्र तपस्व्याचा वध केला, त्याचे स्थान याच टेकडीवर असल्याचे स्थानिक परंपरा सांगते आणि धूम्रेश्वराचे देवस्थान त्या कथेशी निगडित मानले जाते. अशा रीतीने शूद्राच्या धर्माधिकाराचा प्रश्न या क्षेत्राच्या पुराणकथेतच गोवलेला आहे. विदर्भातील अस्पृश्य भाविकही श्रद्धेने रामटेकच्या यात्रेस जात. परंतु मंदिरे व पवित्र मानलेली पाणवठ्याची स्थाने यांबाबतचे सोवळेओवळ्याचे निर्बंध त्यांना पदोपदी जाणवत.

१९२७ हे वर्ष दलित चळवळीच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन सार्वजनिक पाणवठ्यावरील हक्क बजावला आणि २५ डिसेंबर रोजी तेथेच मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. त्याच वर्षी हरदासांनी रामटेक येथे सभा आयोजित केली. अध्यक्षस्थानी किसन फागू बनसोडे होते. या सभेत हरदासांनी रामटेक येथील मूर्तींची पूजा सोडावी आणि अंबाळ्याच्या अस्वच्छ पाण्यात स्नान करणे थांबवावे, असे आवाहन आपल्या बांधवांना केले.

वरवर पाहता महाड व रामटेक येथील भूमिका परस्परविरोधी वाटतात. महाडला पाण्याजवळ जाण्याचा आग्रह होता, तर रामटेकला पाण्यापासून दूर राहण्याचा उपदेश होता. परंतु दोन्ही ठिकाणचे पाणी एका प्रकारचे नव्हते. चवदार तळे हे सार्वजनिक वापराचे तळे होते. त्याचे पाणी पिण्याचा हक्क हा नागरिकत्वाचा हक्क होता आणि तो नाकारणे म्हणजे मनुष्यत्व नाकारणे होते. अंबाळ्याच्या स्नानास प्रतिष्ठा होती ती तीर्थ म्हणून. ज्या धर्मकल्पनेने या समाजाला अपवित्र ठरविले, तिच्याकडूनच पावित्र्य मिळण्याची आशा त्या स्नानामागे होती. हक्क म्हणून जे मागावयाचे ते आणि श्रद्धा म्हणून जे सोडावयाचे ते, यांत हरदासांनी असा भेद केला.

मंदिरप्रवेशाच्या हक्काला त्यांचा विरोध होता, असा मात्र याचा अर्थ नाही. नाशिक येथे २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्यांनी शंकर मुकुंद बेले यांच्या नेतृत्वाखाली आपल्या अनुयायांची एक तुकडी तेथे पाठविली. मंदिरात गेल्याने अस्पृश्यांचे सर्व प्रश्न सुटतील असे डॉ. आंबेडकरांचेही मत नव्हते. हिंदू समाज समतेचा हक्क मान्य करतो की नाही, याची ती कसोटी होती. हरदासांच्या रामटेक व नाशिक येथील भूमिकांची संगतीही अशीच लावता येते. दार सर्वांना खुले असले पाहिजे, आत जावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, हा त्यांच्या वर्तनातून निघणारा निष्कर्ष आहे. डॉ. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे धर्मांतराची घोषणा केली. पुढे या प्रश्नावर बनसोडे यांनी वेगळा मार्ग स्वीकारला, तर हरदास आंबेडकरांसोबत राहिले. रामटेकच्या सभेत एकत्र बसलेल्या दोन पिढ्यांच्या वाटा पुढे अशा वेगळ्या झाल्या.

राजकीय कार्य : १९२८ मध्ये हरदासांची डॉ. आंबेडकरांशी भेट झाली आणि त्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांच्या विचारांचा प्रसार करण्यास त्यांनी स्वतःस वाहून घेतले. ८ ऑगस्ट १९३० रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. तीत स्वतंत्र मतदारसंघांच्या मागणीचा ठराव झाला व अखिल भारतीय पातळीवर संघटना उभारण्याचे ठरले. या संघटनेचे संयुक्त चिटणीस म्हणून हरदासांची निवड झाली. १९३१ मधील दुसऱ्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी कोण, असा प्रश्न उपस्थित झाला. आपणच त्यांचे प्रतिनिधित्व करतो, अशी महात्मा गांधींची भूमिका होती. त्या वेळी हरदासांनी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांना तार पाठवून डॉ. आंबेडकर हेच आमचे प्रतिनिधी आहेत, असे कळविले. अशा तारा इतरांकडूनही जाव्यात यासाठीही त्यांनी प्रयत्न केले.

१९३२ च्या प्रारंभी मद्रासचे एम. सी. राजा व नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांच्यात राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ स्वीकारण्याविषयी करार झाला. या करारामुळे दलित नेत्यांत तीव्र मतभेद निर्माण झाले. या पार्श्वभूमीवर ७ मे १९३२ रोजी मुनिस्वामी पिळ्ळै यांच्या अध्यक्षतेखाली कामठी येथे दलित वर्गाची परिषद भरली. तिच्या स्वागत समितीचे अध्यक्ष हरदास होते. परिषदेने राजा–मुंजे करार नामंजूर करून स्वतंत्र मतदारसंघांच्या मागणीस पाठिंबा दिला. मुंजे यांच्या नागपूर शहरापासून जवळच हा निर्णय व्हावा, यास विशेष महत्त्व होते. त्याच वर्षी १६ ऑगस्टला जातीय निवाडा जाहीर झाला. परंतु गांधीजींच्या येरवडा येथील उपोषणानंतर २४ सप्टेंबर रोजी पुणे करार होऊन संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा ही व्यवस्था स्वीकारली गेली.

बिडी कामगारांची संघटना : नागपूर व भंडारा या जिल्ह्यांत तेंदूच्या पानांची विपुलता असल्याने बिडी वळण्याचा धंदा तेथे मोठ्या प्रमाणावर चाले. स्त्रिया व मुले घरी बसून बिड्या वळीत आणि हजारी हिशेबाने मजुरी मिळे. ज्या पिढीने गावकीची कामे टाकली, तिच्यापैकी अनेकांना या धंद्याने आधार दिला. पण त्याबरोबर नवे परावलंबनही आले. पाने व तंबाखू देणारा आणि तयार माल घेणारा ठेकेदार एकच असे. प्रत चांगली नाही, या सबबीवर काही बिड्या नापसंत करून त्यांची मजुरी नाकारणे हा शोषणाचा एक सर्वसामान्य प्रकार होता. काम घरोघरी विखुरलेले असल्याने गिरणी कामगारांप्रमाणे एकत्र येणेही या मजुरांना कठीण होते.

हरदासांनी या विखुरलेल्या मजुरांचा संघ स्थापन केला. त्याचबरोबर ठेकेदाराचा हस्तक्षेप टाळण्यासाठी त्यांनी बिडीचा धंदा सहकारी तत्त्वावर चालविण्याचा प्रयोग केला. रामटेक, कामठी, नागपूर व भंडारा या भागांत या प्रयोगास चांगले यश आले. ज्या रामटेकात तीर्थस्नान सोडण्याचे आवाहन त्यांनी केले होते, त्याच परिसरात उपजीविकेचे स्वावलंबी साधन उभे करण्याचा हा प्रयत्न होता. धार्मिक दास्यातून मुक्ती व आर्थिक दास्यातून मुक्ती ही दोन वेगळी कामे त्यांनी मानली नाहीत. बिडी कामगारांच्या सेवाशर्तींचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा भारतीय संसदेने १९६६ मध्ये संमत केला. नापसंत मालाच्या नावाखाली होणारी पिळवणूक हा त्यातीलही एक विषय आहे. यावरून हरदासांनी हाती घेतलेल्या प्रश्नाचे दीर्घजीवित्व लक्षात येते.

विधानसभा सदस्यत्व : डॉ. आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. पक्षाच्या मध्य प्रांत व वऱ्हाड शाखेचे चिटणीस म्हणून हरदासांची नेमणूक झाली. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका झाल्या. तीत नागपूर–कामठी या राखीव मतदारसंघातून हरदास निवडून आले. मोलमजुरी करणाऱ्या मतदारांच्या बळावर मिळालेला हा विजय त्यांच्या सोळा वर्षांच्या लोकसंपर्काचे फळ होते. १९३८ मध्ये ते पक्षाच्या प्रांतिक शाखेचे अध्यक्ष झाले.

लेखन : हरदासांचे लेखन प्रचारपर असले, तरी समाजाच्या रोजच्या जीवनाशी त्याचा निकटचा संबंध आहे. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘मंडई महात्म्य’ हे त्यांचे पुस्तक विशेष उल्लेखनीय आहे. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. आप्तेष्टांच्या भेटी, बाजारहाट, दंडार, नाटके व तमाशे यांनी ती गजबजलेली असते. या उत्सवांतील देवादिकांच्या सोंगांपासून व त्यांवरील खर्चापासून समाजाला परावृत्त करणे, हा पुस्तकाचा हेतू होता. ते समाजात मोठ्या प्रमाणावर वाटले गेले. याशिवाय त्यांनी ‘वीर बालक’ हे नाटक व गीते लिहिली. डॉ. आंबेडकरांच्या ‘जनता’ पत्रातूनही त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. करमणूक व गीते ही साक्षरतेचे प्रमाण अल्प असलेल्या समाजात विचार पोचविण्याची साधने होत, याची जाण त्यांच्या लेखनात दिसते.

‘जय भीम’ अभिवादन : हरदासांची सर्वांत चिरस्थायी कामगिरी म्हणजे ‘जय भीम’ हे अभिवादन होय. जातिव्यवस्थेत अभिवादनाचे शब्दही जातिपरत्वे ठरलेले असत. महारांनी वरिष्ठांना ‘जोहार’ करावा, असा महाराष्ट्रात दंडक होता. या शब्दाच्या उच्चाराबरोबर बोलणाऱ्याचे कनिष्ठत्व जाहीर होई. आपसांत ‘रामराम’ म्हणण्याचा प्रघातही होता. पण त्यात देवाचे नाव घ्यावे आणि त्याच देवाच्या मंदिराबाहेर उभे राहावे, असा प्रसंग येई. मुसलमान समाजात लहानथोर एकमेकांना ‘सलाम आलेकुम’ व ‘वालेकुम सलाम’ म्हणतात, त्याचा अर्थ हरदासांनी एका मौलवींकडून समजून घेतला. समाजाच्या सर्व घटकांना समान असे अभिवादन आपल्यातही असावे, या विचारातून त्यांनी ‘जय भीम’ हे शब्द रूढ करण्यास प्रारंभ केला. यातील ‘भीम’ म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर होत. प्रारंभी ‘जय भीम’ला ‘बळ भीम’ असे उत्तर द्यावे, अशी योजना होती. पुढे तो भेद गळून पडला व दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’ म्हणण्याची रीत कायम झाली. पहिल्याने जे म्हणावे तेच दुसऱ्याने म्हणावे, ही या अभिवादनाची विशेषता होय; त्यात वरिष्ठ व कनिष्ठ अशा दोन बाजू राहत नाहीत. पथकांतील तरुण स्वयंसेवकांनी वस्त्यावस्त्यांतून त्याचा प्रसार केला.

मृत्यू व वारसा : अविश्रांत श्रमांमुळे हरदासांची प्रकृती ढासळली. क्षयरोगाने १२ जानेवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. कन्हान नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. ज्या नागपुरात त्यांनी संघटनेचा पाया घातला, तेथेच जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. नागपूरच्या निवडीमागे अन्य कारणेही होती. तथापि बनसोडे, हरदास व त्यांचे सहकारी यांनी चार दशके केलेल्या मशागतीचा त्यात मोठा वाटा आहे.

ज्या नागरी हक्कांसाठी हरदास झगडले, त्यांना कायद्याचे स्वरूप त्यांच्या मृत्यूनंतर प्राप्त झाले. १९४७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात मंदिरप्रवेशाचा आणि अनुसूचित जातींवरील नागरी निर्बंध दूर करणारा असे दोन कायदे झाले. १९५० मध्ये अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम संमत झाला व १९७६ मध्ये त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव देण्यात आले. रामटेकचे मंदिर व अंबाळ्याचा घाट कायद्याने सर्वांना खुले झाले. परंतु तोपर्यंत हरदासांचे अनुयायी दुसऱ्या वाटेने बरेच पुढे गेले होते.

हरदासांच्या जीवनावर ‘बोले इंडिया जय भीम’ हा मराठी चित्रपट निघाला (२०१६). कामठी–कन्हान परिसरात त्यांच्या स्मृतिदिनी अनुयायी एकत्र जमतात. त्यांचे नाव विदर्भाबाहेर फारसे परिचित नसले, तरी त्यांनी रूढ केलेले अभिवादन महाराष्ट्राच्या व मराठी भाषेच्या सीमा ओलांडून भारतभर पसरले आहे. हिंदी, पंजाबी, तेलुगू, तमिळ अशा विविध भाषा बोलणारे आंबेडकरानुयायी आणि परदेशांत स्थायिक झालेली त्यांची कुटुंबे परस्परांना याच शब्दांनी अभिवादन करतात.